बातमीच्या आधीचं बारसं

"डोमाजीबुवा, उठा आता. कोंबडा केव्हाचा आरवून गेला," असं म्हणत भाऊनं वाकळीवर निजलेल्या लेकराच्या तळव्याला बोट लावलं.

चुलीपुढं बसलेल्या मायचा हात भाकरीवरच थांबला.

"कोणाले हाक मारली?"

"माह्या पोराले."

"त्याले अजून नाव नाही."

"बारशाले ठेवू ना. डोमाजी. मंदाले विचारलं, वच्छीले विचारलं. दोघीयले पसंत हाय."

वच्छी म्हणजे मी, त्याची बहीण. मंदा माझी वहिनी, बाजेवर उशीला टेकून बसलेली. आम्ही दोघींनी खाली पाहिलं.

"मले विचारलं का?" माय म्हणाली. "जिवंत माणसाचं नाव लेकराले देत नाहीत, मोरेश्वर."

भाऊला माय एरवी मोरू म्हणायची. पूर्ण नाव निघालं की समजायचं, आता बोलणं वाढणार.

डोमाजी हे आमच्या बाबांचं नाव. चौदा वर्षांपूर्वी भादव्यात ते वर्धा नदीपलीकडच्या बाजाराला निघाले आणि मधल्या धारेत डोंगा उलटला. डोंग्यातली बाकीची माणसं मिळाली, काही पोहून काठाला लागली, काही खालच्या गावांना फुगून सापडली. बाबा सापडले नाहीत. दिवस घालायला सगळे जमले तेव्हा माय म्हणाली, "अंग दाखवा, मंग कुंकू पुसते." अंग कोणाला दाखवता आलं नाही. तेव्हापासून ती रुपयाएवढं कुंकू लावून, हातभर हिरव्या बांगड्या घालून गावात वावरत होती. हळदीकुंकवाला तिला बोलवायला बाया भ्यायच्या आणि न बोलवायलाही भ्यायच्या.

आमच्याकडं घरातल्या जित्या माणसाचं नाव त्याच घरातल्या पोराला ठेवत नाहीत. एका नावाचे दोघं एका छपराखाली नांदत नाहीत, एक जातो, असं मानतात. म्हणून नातवाला डोमाजी म्हणणं म्हणजे बाबा मेले असं मायनं कबूल करणं होतं. भाऊला हे कळत नव्हतं असं नाही. कळत होतं म्हणूनच तो इतक्या वर्षांनी हे बोलला असेल.

"माय, तुले वाट पाहाची तं पाहा," तो म्हणाला. "पण माह्या पोराले त्याच्या आज्यापासून तोडू नोको."

"ते येतीन."

"नदीनं नेलेला माणूस येत नाही. आन् तुलेही ठाऊक हाय ते."

मायनं तव्यावरची भाकर उचलून परातीत आपटली. भाऊ उठला, टोपी घेतली आणि डबा न घेताच खदानीच्या वाटेला लागला. मी डबा घेऊन वळणापर्यंत धावले. त्यानं घेतला, थोडा हसला.

"मायले सांग, संध्याकाळी बोलू."

आमचं घर खदानीच्या चाळीत होतं. कोळशाची खदान जमिनीच्या पोटात, आणि वर आमची पत्र्याची घरं. पाळी सुरू होताना आणि सुटताना भोंगा व्हायचा. त्या भोंग्यावर आम्ही भात टाकायचो, पाणी भरायचो. त्या दिवशी ऊन नुकतं अंगणात उतरलं होतं आणि भोंगा झाला. झाला तो थांबेना.

वहिनी लेकराला पाजत होती. तिनं मान वर केली.

"वच्छा, ही पाळी सुटायची वेळ नाही ना वो?"

  मायनं हातातलं सूप खाली ठेवलं आणि अनवाणी निघाली. मी तिच्या मागं.

खदानीच्या तोंडाशी सगळी चाळ जमली होती. आरडाओरड नव्हती, त्याचीच जास्त भीती वाटली. शेजारची एक जुनी खदान कधीची बंद पडली होती. तिच्यात साचलेलं पाणी मधली भिंत फोडून इकडं घुसलं होतं. दोरावरच्या लोखंडी पिंजऱ्यातून, डोलीतून, माणसं वर येत होती, कमरेपर्यंत ओली, तोंडं काळी. प्रत्येक डोली वर आली की गर्दी पुढं सरकायची आणि ज्यांचा माणूस आला नाही त्या बाया तिथंच उभ्या राहायच्या. मग डोली रिकामी वर आली.

भाऊच्या टोळीतला सुदाम निकोडे एका दगडावर बसून ओकत होता. मायनं त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"मोरू?"

"आम्ही खालच्या अंगाले होतो, काकू. पाणी आलं तसे डोलीकडं पळालो. मोरेश्वर आन् आणखी काही जण चढाच्या अंगाले गेलते. तिकडून यायचा रस्ता पाण्याखाली गेला."

"चढाले पाणी चढते का?"

सुदामनं तोंड पुसलं. "ते पाणी किती येते त्याच्यावर हाय."

खदानीत टेकू द्यायला आणलेल्या लाकडांचा एक ढीग तिथं होता. माय त्यावर जाऊन बसली. संध्याकाळ झाली, मी म्हटलं घरी चल. ती म्हणाली, तू जाय, मंदा एकटी हाय.

पंप आले. बाहेरगावाहूनही आले. दिवसरात्र त्यांची घरघर सुरू झाली आणि काळं पाणी नाल्यानं वाहू लागलं. आमच्या घराच्या पत्र्याला त्या आवाजानं कंप सुटायचा. त्या आवाजाची आम्हाला इतकी सवय झाली की तो चालू असला की श्वास घेता यायचा. एखादा पंप थांबला की चाळीतल्या साऱ्या बाया दारात येऊन उभ्या राहायच्या. थांबला म्हणजे एकतर तो बिघडला, नाहीतर पाण्यात काहीतरी दिसलं.

तसं दोनदा दिसलं. पहिल्यांदा ताडपत्रीखाली एक माणूस आणला तेव्हा मी तिथंच होते. तोंडाकडं पाहायची माझी छाती झाली नाही. मी पाय पाहिले. भाऊच्या डाव्या पायाचं शेवटचं बोट वर चढलेलं होतं. ते पाय त्याचे नव्हते. मला आनंद झाला, आणि त्याच क्षणी माझ्या शेजारी उभी असलेली बाई खाली बसली. तिला ते पाय ओळखू आले होते.

वहिनीचं दूध आटलं. लेकरू ओढायचं, सोडून द्यायचं, लाल होऊन रडायचं. मी साखरेच्या पाण्यात कापूस भिजवून त्याच्या ओठांना लावायचे. शेजारच्या एका ओल्या बाळंतिणीनं दोन वेळा पाजलं, मग तिची सासू नको म्हणाली. ज्या घरावर सावट आहे त्या घराचं लेकरू अंगाला लावायला लोक भिऊ लागले होते. तिला मी दोष दिला नाही. मलाही लेकराकडं पाहायची भीती वाटायची. ते डोळे मिटून निजलं की त्याच्या नाकापुढं बोट धरून पाहायची मी.

अशात मोठी माय आली. मोठी माय म्हणजे बाबांच्या मोठ्या भावाची बायको. मायनं कुंकू पुसलं नाही तेव्हापासून तिनं आमच्या घरचं पाणी घेतलं नव्हतं. ती आली, पिशवी खुंटीला अडकवली, लेकराला उचलून त्याचं पोट चाचपलं आणि म्हणाली, "बारसं केव्हा हाय?"

"उद्याचा दिवस येतो," मी म्हटलं. "पण आता कसं करता, मोठी माय?"

"उद्याच कराचं. बातमी यायच्या आधी."

मला समजलं नाही.

तिनं वहिनीकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. "बातमी आली का सुतक लागते. सुतकात पाळणा बांधत नाहीत. मंग हे लेकरू बिननावाचं राहील. बिननावाच्या लेकराले काही झालं तं त्याले हाक मारून मांगं कोण बोलवील? त्याच्यापेक्षा उरकून घ्या. आन् आत्या म्हणून तुले कानात नाव सांगाचं हाय. मोरेश्वर सांग."

"मोठी माय!"

"वरडू नोको. मी वैरी नाही. माह्या दिराचं काय झालं? ना अंग, ना नाव. तुह्या मायनं कोण्या पोराले त्याचं नाव लागू दिलं नाही. कोणी घेतच नाही आता ते नाव, जसा काही तो माणूस जन्मलाच नव्हता. तुह्या भावाचं तसं होऊ देऊ नोको. नाव तरी राहू दे."

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ती खोटं बोलत नव्हती, म्हणून मला आणखी भीती वाटली.

ती पाणी आणायला बाहेर गेली तशी वहिनीनं माझं मनगट धरलं. तिची नखं माझ्या कातडीत गेली.

"वच्छा, ते खाली हायेत. अंधारात हायेत. तू इथं त्यांचं नाव दुसऱ्याले देशील तं त्यांच्याजवळ काय राहील?"

"मी नाही देणार, वहिनी."

"मंग काय देशील?"

 डोमाजी म्हणावं तर ते मायनं बंद केलेलं दार. भाऊशी तिचं शेवटचं भांडण त्यावरच झालं होतं. तिसरं कुठलं नाव घ्यावं तर भाऊनं ते मागितलं नव्हतं. मी धावत खदानीवर गेले, मायला विचारायला. ती त्याच लाकडांवर बसली होती. लुगड्याचा काठ काळ्या चिखलात बुडला होता. पाण्याच्या धारेकडं पाहून तिचे ओठ हलत होते.

"माय, उद्या बारसं कराचं म्हणते मोठी माय. काय नाव ठेवू?"

तिनं माझ्याकडं पाहिलं, पण तिला मी दिसले की नाही कोण जाणे. "पाणी उतरून राहिलं का वो?" तिनं मलाच विचारलं.

दुसऱ्या दिवशी पाळणा बांधला. शेजारपाजारच्या बाया आल्या, भिंतीला चिकटून बसल्या. पाळण्याचं गाणं कोणी सुरू केलं नाही. एकीनं तोंड उघडलं होतं, पण तेवढ्यात बाहेर एक पंप थांबला आणि सगळ्याजणी कान देऊन गप्प झाल्या. तो पुन्हा सुरू झाला तेव्हा मोठी मायनं घाईनं लेकराला कुंची घातली, पाळण्यात ठेवलं आणि मला म्हणाली, "चाल. वाक."

मी वाकले. लेकराच्या कानाशी तोंड नेलं. त्याच्या टाळूची धडधड मला दिसत होती.  मागून दोन बायांनी रीतीप्रमाणं माझ्या पाठीवर थापट्या मारल्या. मोठी माय कुजबुजली, "मोरेश्वर म्हण." समोर बाजेवर वहिनी बसली होती. ती माझ्या ओठांकडं पाहात होती.

"थांब."

माय दारात उभी होती. कितीतरी दिवसांत ती पहिल्यांदा घरी आली होती. गुडघ्यापर्यंत काळा चिखल, केस सुटलेले. तिच्यामागं सुदाम होता. बातमी आली, असंच साऱ्यांना वाटलं. वहिनीच्या तोंडून एक आवाज निघाला.

"काही नाही आलं वर," माय म्हणाली. "सुदाम नुसता सोबतीले आला."

ती सरळ मोरीकडं गेली. माठातून पाणी घेतलं, तळहात ओला केला आणि कपाळावरून फिरवला. एकदा, दोनदा. लाल ओघळ तिच्या नाकावरून ओठांवर आला. बाया किंचाळल्या. तिनं हातातल्या बांगड्या मोरीच्या दगडावर फोडल्या. एका काचेनं तिचं मनगट कापलं, तिकडं तिनं पाहिलं नाही.

"डोमाजी म्हण," ती मला म्हणाली.

मोठी माय उठून उभी राहिली. "अवं, हे काय केलं? आता सुतक लागलं ना! सुतकात बारसं?"

"चौदा वर्षाचं सुतक हाय, बाई. आजच्यानं त्याले काय होते?" माय पाळण्याजवळ आली. "वच्छे, म्हण."

मी पाच वर्षांची होते तेव्हा बाबा गेले. मायसारखी मीही वाट पाहात होते, हे मला तोवर माहीत नव्हतं. नदीकडून कोणी उंच माणूस येताना दिसला की मी अजून पायरीवर थांबत असे. आता माझ्याच तोंडानं त्यांना मेलेलं म्हणायचं होतं. मी लेकराच्या कानात म्हटलं, डोमाजी. मग उभी राहून मोठ्यानं सांगितलं, कारण तशी रीत आहे. माझा आवाज मला ओळखू आला नाही.

"आन् मोरूही गेला असंल तं?" मोठी मायनं विचारलं. खालच्या आवाजात, टोचायला नाही.

"तं दोघायले रडीन. आज एकालेच रडाचं हाय."

पण ती रडली नाही. परत निघाली. मी हळदीचा फडका घेऊन मागं धावले, चालता चालता तिचं मनगट बांधलं. नाल्याजवळ आल्यावर ती आपणहून बोलली.

"तिथं बसून मी पाण्याले म्हणत होती, माह्या मोरूले सोड. म्हणता म्हणता ध्यानात आलं वो. त्या नदीले मी इतकी वर्षं हेच म्हणत आली, माह्या घरधन्याले सोड, घरधन्याले सोड. पाण्याजवळ दोन माणसं मांगून राहिली मी. दोघं कोणाले भेटतेत? म्हटलं, पहिला राहू दे तुह्याजवळ. मी नाही मांगत त्याले. दुसरा दे."



"आन् पाण्यानं नाही ऐकलं तं?" मी विचारलं.

माय चालत राहिली. तिनं माझा हात धरला आणि सोडला नाही. तिला कधी मी भ्यालेली पाहिली नव्हती. नदीकाठी सारा गाव रडत होता तेव्हासुद्धा ती भ्यालेली नव्हती. तिला वाटत होतं बाबा येणार. आता तिच्याजवळ तसं वाटण्याजोगं काही उरलं नव्हतं.

त्यानंतरचा दीड दिवस मला नीट आठवत नाही. पंप आठवतात. लेकराचं रडणं आठवतं. मोठी माय गेली नाही. तिनं चूल सांभाळली, आणि आमच्या घरचं पाणी घेतलं.

मग सकाळच्या वेळी सुदाम ओरडत चाळीत शिरला. पाणी उतरलेल्या जागेतून आत गेलेल्या माणसांना लोखंडी नळावर ठोकल्याचा आवाज आला होता. चढाच्या अंगाला कोणीतरी जितं होतं. कोण, किती, ते ठाऊक नव्हतं. वहिनीनं लेकराला छातीशी बांधलं, निघाली. बाळंतिणीनं घराबाहेर पडू नये हे तिला मोठी मायनंही म्हटलं नाही.

डोली वर यायला फार वेळ लागला. एकेकाला आणत होते. उजेड सोसणार नाही म्हणून डोळ्यांवर फडकी बांधलेली, अंगं पांढरीफटक सुरकुतलेली. पहिला आमचा नव्हता. दुसरा नव्हता. वहिनी माझ्या खांद्याला धरून उभी होती आणि प्रत्येक वेळी तिचं वजन वाढत होतं. चौथ्या माणसाचा पाय ब्लँकेटबाहेर आला होता. शेवटचं बोट वर चढलेलं होतं.

मायनं धावत जाऊन त्याला धरलं. भाऊनं फडक्याआडून अंदाजानं हात पुढं केला, तिचा हात चाचपला. मनगटापासून कोपरापर्यंत आणि पुन्हा खाली. त्याला तिथं बांगड्या लागल्या नाहीत. तो ताठ झाला.

"माय," त्याचा आवाज खरखरीत येत होता. "बाबा सापडले का वो?"

"सापडले."

"कुठं?"

"घरीच. दिवसभर रडतेत, कोणाले सुखानं घास खाऊ देत नाहीत. मंदाले दूध पुरेना."

त्याला समजायला क्षणभर लागला. मग त्याचे ओठ वाकडे झाले आणि तो त्या ब्लँकेटमध्ये हुंदके देऊन रडायला लागला. वहिनीनं लेकरू त्याच्या छातीवर ठेवलं. बाजूला आणखी काही बाया रिकाम्या डोलीकडं पाहात उभ्या होत्या. आम्ही हळू आवाजात रडलो.

भाऊ चालता फिरता झाल्यावर आम्ही बाबांचं राहिलेलं केलं. पळसाच्या पानांचा माणूस बनवला, त्याला धोतर गुंडाळलं आणि नदीकाठी अग्नी दिला. अंग मिळालं नाही की तसं करतात. मोठी माय सोबत होती. तिनंच विचारलं, "पोराले घरात काय म्हणाचं? हिच्या तोंडून नवऱ्याचं नाव त्या दिवशी निघालं तेवढंच, मंदाच्या तोंडून सासऱ्याचं निघणार नाही. रागावाची पाळी आली तं काय म्हणून रागवान?"

"अबाजी," माय म्हणाली.

अबाजी म्हणजे तिचे वडील. बाबा गेल्यावर दर संक्रांतीला ते पायी यायचे, लेकीला हिरव्या बांगड्या आणायचे आणि एक शब्द न बोलता परत जायचे. कुंकू पुस असं तिला न म्हणणारा तो एकच माणूस होता. तेही आता नव्हते.

पळसाची पानं पेटली तशी मायनं तोंडाला पदर लावला. आधी आवाज आला नाही. मग आला, आणि तो इतक्या आतून आला की पलीकडच्या काठावर धुणं धुणाऱ्या बायांनी हात थांबवले. बाबांच्या खाण्याच्या आवडी, त्यांचं चालणं, त्यांनी लग्नात आणलेलं लुगडं, एकेक आठवण घेऊन ती रडत होती. आम्ही तिला थांबवलं नाही.

तेवढ्यात वहिनीच्या मांडीवर लेकरू जागं झालं आणि भोकाड पसरलं. माय रडता रडता थांबली, नाक पुसलं, वाळूवर हात टेकून उठली.

"आली रे, अबाजी, आली," ती म्हणाली, "जरा दम धर ना, बाप्पा."

आणि पाठीमागं जाळ चालू असतानाच तिनं त्याला खांद्यावर घेतलं.